शीर्षासन

मी मुळात भांडखोर माणूस नाही. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षे बसलेला माणूस भांडखोर राहूच शकत नाही. तो एक तर संत होतो, नाही तर त्याची बदली होते. माझे दोन्ही झाले आहे. बायको म्हणते, तुम्ही भाजीवालीशीसुद्धा भाव करीत नाही, ती सांगेल त्यावर वरून दोन रुपये ठेवून येता. असा हा गरीब प्राणी गेल्या दीड वर्षात बाबांच्या साडूंशी, अमरावतीच्या एका टायपिंगवाल्याशी, स्वतःच्या प्राध्यापक मेव्हण्याशी आणि खुद्द शाखेच्या साहेबांशी भांडला. कशापायी म्हणाल? धुऱ्यापायी नाही, वाटणीपायी नाही. शीर्षकापायी!

माझे म्हणणे एवढेच आहे की, संगणकावर पुस्तक लिहिताना जे शीर्षक आहे, ते शीर्षक आहे असे संगणकाला सांगावे. त्याला नुसते ठळक करू नये, फुगवू नये, आणि स्पेसबार बडवून मध्यभागी ढकलू नये. सांगण्याची सोय प्रोग्राममध्येच आहे. तिला 'स्टाईल' म्हणतात. मजकुरावर कर्सर ठेवायचा, 'हेडिंग वन' या नावावर टिचकी मारायची, की ती ओळ प्रकरणाचे नाव झाली. 'हेडिंग टू'वर मारली की पोटशीर्षक. संपले. १९८९ साली विंडोजसाठी वर्ड निघाले तेव्हाही त्यात ही सोय होती. म्हणजे मी चौथीत पाढे चुकत होतो तेव्हापासून ती आपली वाट पाहत उभी आहे, आणि आपण सारे तिच्यासमोरून स्पेसबार बडवत जातो आहोत.

'स्टाईल' हा शब्दच घातकी. घरात पहिल्यांदा उच्चारला तेव्हा बायको म्हणाली, "आता या वयात कायची स्टाईल मारता?"

तर प्रकरणाची सुरुवात अशी. आम्ही वलगावचे. अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याने निघालात की पेढी नदी लागते, तेच आमचे गाव. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला तो इथेच, अमरावतीकडे नेत असताना, पेढीच्या पुलाजवळ. माझे बाबा तेव्हा आठ वर्षांचे. त्या थंडीत माणसांची रांगच्या रांग अमरावतीकडे पायी निघाली होती, आणि आजोबांच्या खांद्यावरून त्यांनी ती पाहिली. पुढे बाबा मास्तर झाले, रिटायर झाले, आणि रिटायर मास्तराला जे होते ते त्यांना झाले: आत्मचरित्र. दोनशेपानी वह्या अकरा. ते टाइप करायचे काम, घरात संगणकाला हात लावणारा मी एकटाच म्हणून, माझ्याकडे आले.

मी ते भक्तिभावाने केले. रोज रात्री जेवण झाल्यावर दोन तास. प्रकरणे एकेचाळीस, पोटशीर्षके एकशे त्रेसष्ट. प्रत्येक शीर्षक मी मूर्तीसारखे हाताने घडवले. ओळ निवडायची, ठळक करायची, आकार अठरा करायचा, मग स्पेसबार. किती वेळा? डोळ्याला मध्य वाटेपर्यंत. आता मध्य ही गोष्ट प्रत्येकाच्या तब्येतीवर असते. रात्री नऊ वाजता माझा मध्य कागदाच्या मध्यावर असतो, अकरानंतर तो डावीकडे सरकतो. शिवाय कधी आकार अठरा, कधी वीस. ज्या दिवशी बँकेत कॅश जुळली नाही त्या दिवशी सोळा. बाबांचे बालपण वीसमध्ये आहे आणि नोकरी सोळामध्ये, त्याचे कारण चरित्रकार शोधतील तेव्हा शोधोत. खरे कारण तेवढेच.

पहिली प्रत काढून दिली. बाबा म्हणाले, "शीर्षकं लय मोठी वाटते बे. जरा लहान कर सगळी."

'सगळी' हा शब्द बोलायला किती सोपा! मी एकेचाळीस ठिकाणी गेलो. त्यातली अडतीस सापडली. उरलेली तीन आपल्या जागी तशीच, गढीवरल्या पाटलासारखी, बसून राहिली. मग बाबांना विहीर खोदल्याची हकीकत आठवली. पाच पाने. ती मध्ये घातल्याबरोबर माझी अनुक्रमणिका (हीही हाताने केलेली, एकेक टिंब मोजून टाकलेले) पाच पानांनी खोटी ठरली. एक रविवार घालून ती दुरुस्त केली. सोमवारी बाबांनी विहिरीतले दीड पान काढले.

त्यात आणखी एक चमत्कार. एखादे शीर्षक पानाच्या तळाला एकटेच राहायचे आणि त्याचा मजकूर पुढच्या पानावर. एसटीत सामान चढावे आणि माणूस खाली राहावा तसे. मग मी एंटर मारीत मारीत त्याला पुढच्या पानावर पोचवायचा. चार दिवसांनी वरच्या कुठल्या तरी परिच्छेदाला कात्री लागायची, आणि ते शीर्षक पानाच्या मध्येच, डोक्यावर नऊ रिकाम्या ओळींचा खड्डा घेऊन प्रकट व्हायचे. हेडिंगच्या स्टाईलमध्ये 'पुढच्या परिच्छेदाला धरून राहा' ही आज्ञा आधीच घातलेली असते, हे तेव्हा मला कोण सांगणार? माझ्या बी.कॉम.ला हा विषय नव्हता.

अखेर फाईल अमरावतीच्या एका टायपिंगवाल्याकडे दिली. तो म्हणाला, "साहेब, टेन्शन नका घेऊ. आपण सेट करून देतो." भला माणूस होता. पण त्याने कशावरून ओळखावे, की शीर्षक कोणते? फाईलमध्ये तर कुठे तसे लिहिलेले नाही. त्याने जे ठळक दिसले ते शीर्षक धरले. आता बाबांनी एका ठिकाणी, मूळ वहीत दोनदा अधोरेखित केलेले, आणि म्हणून मी इमानेइतबारे ठळक केलेले, एक वाक्य होते. विषय त्यांच्या साडूंना दिलेल्या हातउसन्या रकमेचा. नमुन्याची प्रत आली, आणि अनुक्रमणिकेत, 'माझी पहिली शाळा' आणि 'बदलीचे दिवस' यांच्या मधोमध, स्वतंत्र प्रकरण म्हणून उभे: 'ते पैसे आजवर परत आलेले नाहीत — पान २०७'.

आणि ती प्रत पहिल्यांदा हातात कोणी घ्यावी? साडूंनीच. ते सहज चहाला आले होते. ते पुस्तक उघडत नाहीत, फक्त अनुक्रमणिका पाहतात. त्यानंतर आठ महिने दोन्ही घरांचे येणे-जाणे बंद होते. पैसे अद्यापही आलेले नाहीत.

आता तुम्हीच सांगा, दोष कोणाचा? टायपिंगवाल्याचा? लग्नात बाशिंग ज्याच्या डोक्याला, तो नवरदेव. आम्ही बाशिंगच बांधले नाही, नुसते कोट घातलेले वीस लोक उभे केले, आणि भटजींनी ज्याचा कोट जास्त चमकला त्याच्यावर अक्षता टाकल्या. भटजी काय करणार!

तरी इथवर मी भांडायला लागलो नव्हतो. चुका झाल्या, हसलो, विसरलो असतो. पण मध्येच बाबांचे डोळे गेले. काचबिंदू. आधी कडा गेल्या, मग हळूहळू मधले. डॉक्टरांनी सांगितले, गेलेली नजर परत येत नाही. आहे ती सांभाळायची. वर्षभरात आहे तीही फारशी उरली नाही. ज्या माणसाने अकरा वह्या लिहिल्या, त्याला स्वतःच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ दिसेना.

माझ्या पुतण्याने कुठून तरी एक प्रोग्राम आणून संगणकात घातला. एनव्हीडीए त्याचे नाव. पडद्यावरचे सारे वाचून दाखवतो. फुकट आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली त्याची सुरुवात केली, आणि दोघेही स्वतः अंध. त्याचा आवाज मराठी बोलतो, पुण्याचे नाही, वऱ्हाडचेही नाही, मंगळावरचे, पण समजते. बाबांना खुर्चीत बसवले, फाईल उघडली, आणि आवाज सुरू झाला. पहिले पान, दुसरे पान, तिसरे पान. बाबा खूश.

चौथ्या दिवशी म्हणाले, "मले ते गाडगेबाबांचं प्रकरण आयकू दे."

ते प्रकरण पान एकशे अडतीसवर. मी कळा दाबून पाहिल्या. या प्रोग्राममध्ये अशी सोय आहे की 'एच' दाबले की पुढचे शीर्षक. 'एक' दाबले की पुढचे मोठे, 'दोन' दाबले की पुढचे पोटशीर्षक. मी 'एच' दाबले. तो मंगळावरचा आवाज म्हणाला, पुढे शीर्षक नाही. पुन्हा दाबले. नाही म्हणजे नाही. एकेचाळीस प्रकरणे आणि एकशे त्रेसष्ट पोटशीर्षके मी घडवली होती. त्यातले एकही त्याला दिसत नव्हते. त्याला नुसती लांबलचक ओळ दिसत होती, पहिल्या अक्षरापासून तीनशे अठराव्या पानापर्यंत.

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अबे, तू हे पुस्तक टाइप केलं का भित बांधली? याले दारं कुठं हायेत?"

त्या दिवसापासून मी भांडतो आहे.

आता विरोधकांची हजेरी घेतो. पहिला गट 'दिसायला तर सारखंच दिसते नं' या लोकांचा. आमचे साहेब यातले. ते शाखेची परिपत्रके स्वतः टाइप करतात; त्यांच्या एका परिपत्रकात मी मजकुरापेक्षा मोकळी जागा जास्त मोजली आहे. त्यांना मी म्हणालो, "साहेब, ३ मे २०११ आठवतो? रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचा दर साडेतीनचा चार टक्के केला. तेव्हा आपण हजारो खाती एकेक उघडून साडेतीन खोडून चार लिहिले होते काय?"

"काहून लिहू? मास्टरमध्ये एकदा बदललं की झालं."

"का झालं? कारण प्रत्येक खात्याच्या कपाळावर लिहिलेलं असतं, की हे बचत खातं आहे. ते जाड आहे की बारीक, डावीकडे आहे की मधे, याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. ते काय आहे हे एकदा सांगितलं, म्हणून दर एका जागी बदलता आला. शीर्षकाचंही तेच. स्टाईल म्हणजे मास्टर. 'हेडिंग वन' एका जागी सोळाचं केलं, की एकेचाळीसच्या एकेचाळीस सोळाची. पाटील मागे उरत नाही."

साहेब म्हणाले, "तुमचं ते बरोबर आहे. पण चेक क्लिअरिंगला गेले का?"

वास्तविक चेकचेच उदाहरण घ्या. चेकवर डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारल्या की त्याचे रोख पैसे काउंटरवर मिळत नाहीत, खात्यातच जमा होतात. आजवर एकाही गिऱ्हाइकाने त्या रेघा शोभेसाठी मारलेल्या नाहीत. ज्या समाजाला दोन रेघांचा अर्थ कळतो, त्याला 'हेडिंग वन' कळू नये हे मला पटत नाही.

दुसरा गट जास्त पोचलेला: 'आम्ही आशयाची माणसं'. माझा मेव्हणा यात. मराठीचा प्राध्यापक. त्याचे विद्यार्थी प्रबंध लिहितात, आणि प्रबंध द्यायच्या आदल्या रात्री अनुक्रमणिका हाताने करीत बसलेले असतात. चहा त्यांना त्याची बायको करून देते. तो म्हणाला, "भाऊजी, हे तांत्रिक काम आहे. लेखकानं आशयाकडे पाहावं."

मी त्याला त्याच्याच घरात नेले, म्हणजे रिद्धपुरात. मोर्शी तालुक्यात, आमच्याच जिल्ह्यात. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे, पण गावाचा मान त्याहून सातशे वर्षे जुना. म्हाइंभटांनी लीळाचरित्र तिथे सिद्ध केले. आता त्याची मांडणी बघा. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध: हे झाले हेडिंग वन. त्याच्या पोटात एकेक लीळा, आणि लीळेला स्वतःचे नाव: हेडिंग टू. कोणती लीळा हवी ते नाव घेऊन काढता येते. पुढे पुष्कळ पोथ्यांच्या लेखनिकांनी काय केले? मजकूर काळ्या शाईत, आणि अध्यायाची समाप्ती, शीर्षके, दंड हे हिंगुळाच्या लाल शाईत. लाल म्हणजे लाल. कंटाळा आला म्हणून विसाव्या अध्यायाला निळा, असे नाही. बोरूने लिहिणारा, संगणकाचे नावही न ऐकलेला माणूस स्टाईल पाळीत होता. आणि मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाल्यावर पेढे वाटणारा प्राध्यापक शीर्षक मधे आणायला तेवीस वेळा स्पेसबार मारतो! आशय, आशय म्हणतोस. अरे, कोणता भाग कोणाच्या पोटात, हा आशय नाही तर काय आहे?

मेव्हणा अजून बोलत नाही. बायको मध्यस्थी करते आहे.

तिसरा गट मात्र खरा अडलेला आहे, आणि त्याच्याशी मी भांडत नाही. त्याने स्टाईल वापरून पाहिली आणि सोडून दिली. त्याचे गाऱ्हाणे असे की, 'हेडिंग वन' मारले की ओळ निळी होते, आणि मग आकार अठरा केला तरी मराठी अक्षर तेवढेच राहते. गाऱ्हाणे खरे आहे. मीही तिथे दोन रात्री काढल्या. कारण कळले तेव्हा हसावे की रडावे कळेना. हा प्रोग्राम देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' म्हणतो, म्हणजे किचकट लिपी. अरबी आणि हिब्रू आमच्या वर्गबंधू. स्टाईलच्या फॉन्टच्या चौकटीत वरचा रकाना इंग्रजीचा. किचकट लोकांचा रकाना त्याच्या खाली, वेगळा. मी दोन रात्री इंग्रजी अक्षरे मोठी करीत होतो, आणि फाईलमध्ये इंग्रजी अक्षर एकही नव्हते. खालच्या रकान्यात फॉन्ट आणि आकार भरला, रंग काळा केला, की सारी शीर्षके सरळ. बनवणाऱ्यांनी आम्हाला किचकट म्हटले याचा राग मलाही आला. पण बँकेतही 'अॅज पर अॅनेक्श्चर' म्हणून मागच्या पानावर आपला रकाना असतो. म्हणून फॉर्म भरायचा कोणी सोडतो काय?

आणि चौथा गट 'ऑपरेटर करेल' म्हणणारा. त्यांनी बाबांच्या साडूंना भेटावे. पत्ता मी देईन.

तर मी ती भिंत फोडायला बसलो. आधी झाडलोट. गाडगेबाबांच्या वाटेवरचे गाव म्हणवतो आम्ही, आणि माझ्या फाईलमधला कचरा बघाल तर झाडूसुद्धा लाजेल. 'शोधा आणि बदला' लावून जोडस्पेस काढल्या: चार हजार तीनशे सोळा. रिकाम्या ओळी सहाशेच्या वर. तीनशे अठरा पानांची दोनशे शहाण्णव झाली, एक शब्द न काढता. मग एकेक शीर्षक. कंट्रोल, ऑल्ट आणि एक: प्रकरण. कंट्रोल, ऑल्ट आणि दोन: पोटशीर्षक. (लिबर ऑफिसवाल्यांना ऑल्टही लागत नाही.) दोनशे चार शीर्षकांना, प्रत्येकाला दीड सेकंद. हे काम पहिल्याच दिवशी, लिहिता लिहिता केले असते तर कळलेही नसते.

डाव्या बाजूला नेव्हिगेशनची पट्टी उघडली आणि मी जरा दचकलो. बाबांचे सारे आयुष्य एका उभ्या यादीत. कोणते कोणाच्या पोटात, कोणते किती. 'विहीर' मी चुकून 'बदलीचे दिवस'च्या पोटात टाकली होती. नाव धरून वर ओढले, तर त्यामागची साडेतीन पाने निमूट वर गेली, पोरे मास्तरामागे जातात तशी. अनुक्रमणिका 'रेफरन्सेस'मधून एका टिचकीत आली. तिच्यात साडू नव्हते. ते वाक्य पान एकशे एक्याण्णववर ठळक आहे, पण मजकूर म्हणून.

रविवारी सकाळी बाबांना खुर्चीत बसवले. बोट 'एच'वर ठेवून दिले. आवाज म्हणू लागला: हेडिंग लेव्हल एक, आमचे घराणे. हेडिंग लेव्हल दोन, आजोबांचा वाडा. बाबांचे बोट थांबेना. पाच-सात मिनिटांत ते गाडगेबाबांपाशी पोचले. तिथे थांबले आणि ते पूर्ण प्रकरण ऐकले. मी आतल्या खोलीत पेपर वाचीत असल्यासारखे केले.

मग त्यांना नाद लागला. पुढे जा, मागे या, पुन्हा पुढे. 'एक' दाबायची युक्तीही त्यांनी आपली आपण हेरली; मास्तरच ते. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. आवाज म्हणाला, "हेडिंग लेव्हल एक, नोकरीला सुरुवात." टक. "हेडिंग लेव्हल एक, बहात्तरचा दुष्काळ."

आई चिमटा घेऊनच बाहेर आली. "काहो, नोकरी झाली अन् एकदम दुष्काळच? मंधात आपलं लगन झालं होतं नं?"

बाबा म्हणाले, "हाय नं. लिवलं हाय मी. यानं कुठं टाकलं पुस त्याले."

मी पट्टी उघडून पाहिली. लग्न होते. 'नोकरीला सुरुवात'च्या पोटात, हेडिंग टू, 'राहण्याची व्यवस्था' आणि 'सायकलची खरेदी' यांच्या मधे. वहीतही ते तिथेच होते, मी काही केले नव्हते. पण ते त्या वेळी बोलणे शहाणपणाचे नव्हते. आई शेजारी चिमटा घेऊन उभी. मी कंट्रोल, ऑल्ट आणि एक दाबले.

"झालं?" आई म्हणाली.

"झालं. फक्त अनुक्रमणिकेसाठी एफ-नाइन दाबायचं राहिलं."

"मग दाब नं बाप्पा!"